‘कन्यादान’ आणि आमचं मंडळ

आमच्या महिला मंडळात विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ वाचायचं ठरलं तेव्हा नावामुळं थोडी फसगत झाली. दोघी-तिघींना वाटलं, लग्नविधीवर काहीतरी असणार. एकीनं तर विचारलं, "हे आपल्यात बसतंय का ओ?" म्हटलं, आधी वाचा तर खरं, मग बोलू. भिशी उचलून झाली की तासभर वाचन, असा आमचा बेळगावातला रिवाज आहे. कुणी चष्मा विसरलेली असते, कुणाला दूध तापवायला जायचं असतं, पण पुस्तक पुरं होतं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाटक 1983 सालचं. नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे आमदार, विधान परिषदेतले. पत्नी सेवा, तीही चळवळीतली. मुलगी ज्योती, मुलगा जयप्रकाश. घरात सगळं चर्चेनं ठरतं. ज्योती एक दिवस सांगते, मला अरुण आठवलेशी लग्न करायचंय. अरुण दलित आहे, कवी आहे, शिकतोय. ओळख जेमतेम दोन महिन्यांची. आईला आणि भावाला तो बरा वाटत नाही. वडिलांना मात्र वाटतं, जात मोडण्याची भाषणं आपण जन्मभर केली, आता आपल्या घरात ती मोडते आहे. लग्न होतं. अरुण दारू पिऊन ज्योतीला मारतो. ती माहेरी येते, तो माफी मागायला येतो, ती परत जाते. मग गरोदर असतानाही मार. दरम्यान अरुणचं आत्मचरित्र गाजतं आणि त्यावरच्या कार्यक्रमाचं अध्यक्षपद नाथांनी घ्यावं असा आग्रह होतो. नाथ आधी नाही म्हणतात. मुलीला जास्त त्रास होऊ नये म्हणून शेवटी जातात, जावयाच्या पुस्तकाचं कौतुक करतात. ज्योती येऊन त्यांना त्या खोट्या भाषणाचा जाब विचारते आणि नवऱ्याकडं निघून जाते.

वाचून झालं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या आक्का म्हणाल्या, "म्हणून म्हणते, पोरगी जातीबाहेर देऊ नये." आणि सोळा-सतरा माना हलल्या. माझीही हलली असेल, नाही असं छातीठोक सांगत नाही.

हे वाचन मला घरी आल्यावर टोचायला लागलं. नाटक असं वाचता येतं, ही नाटकाचीही चूक आहे, तिच्याकडं मी नंतर येते. पण आधी आमची चूक. आमच्या मंडळात त्या दिवशी जेवढ्या बायका होत्या, त्यातली एकही जातीबाहेर दिलेली नाही. गोत्र, पंथ, घराणं, शेती, दुकान सगळं बघून दिलेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, 18 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या बायकांना विचारलं, नवऱ्यानं कधी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती केली आहे का. देशभरात 29 टक्क्यांनी हो म्हटलं. महाराष्ट्रात 25 टक्के. आणि आपल्या कर्नाटकात 44 टक्के, मोठ्या राज्यांत सगळ्यांत जास्त. आता या 44 टक्के बायका काय साऱ्या पळून जाऊन लग्न केलेल्या आहेत? बहुतेकींची लग्नं आपल्यासारखीच, मांडवात, नात्यागोत्यात, बघून-सवरून झालेली. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त बोचला. मार खाल्लेल्यांपैकी 77 टक्के बायकांनी कुणाचीही मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. आता आपल्या मंडळातल्या सतरंजीवर डोळ्यांनी मोजून बघा.

म्हणून मी नाटक दुसऱ्यांदा वाचलं, एकटीनं, दुपारी. या वेळी अरुणवरची नजर काढून देवळालीकरांच्या घरावर ठेवली. मार अरुण देतो, त्याची जबाबदारी त्याचीच. पण नाटकाचा बराच भाग दिवाणखान्यात घडतो, आणि तो दिवाणखाना ज्योतीच्या माहेरचा आहे. म्हणजे मुलगी मार खातेय हे कळल्यावर तिची माणसं काय करतात, हेच आपण दोन अंक बघत असतो.

लग्नाआधी, पहिल्याच भेटीत, बोलता बोलता अरुण ज्योतीचा हात पिरगाळतो. घरातलं कुणी तिला बाजूला नेऊन विचारत नाही, की बाई, हे पहिल्यांदा झालं का, तुला त्याची भीती वाटते का. चर्चा मात्र भरपूर होते. लग्न करावं का, जात काय, नोकरी काय, राहणार कुठं. चर्चा करणं आणि विचारणं यात फरक आहे, तो मला या नाटकानं दाखवला. चर्चेत प्रत्येकजण आपलं मत मांडतो. विचारताना आपलं तोंड मिटावं लागतं. नाथ मुलीवर जीव टाकतात यात शंका नाही. पण तिचं लग्न हा त्यांच्या तत्त्वाचा पुरावा होऊन बसतो, आणि पुरावा मोडला तर तत्त्व मोडेल अशी धास्ती. मग मुलीच्या अंगावरचा वळ दिसला तरी बाप तत्त्वाकडं बघतो. आपल्याकडं तत्त्वाच्या जागी घराण्याचं नाव असतं, धाकट्या बहिणीचं लग्न असतं, पुढच्या वर्षीची पंचकल्याणक पूजा असते. बाकी सगळं तेच.

सेवेबद्दल मला जरा जास्त लिहावंसं वाटतं, कारण मी तिच्या वयाची आहे. तिला सगळं आधी कळतं. लग्नाआधीच तिला नको वाटतं, पुढं मारहाणीची खबर नवऱ्याला तीच देते, मुलीच्या पोटावर लाथ बसते हे तिच्या तोंडून आपल्याला कळतं. आणि शेवटी तीच नाथांना कार्यक्रमाला जायला लावते. वाईट हेतूनं मुळीच नाही. जावई बिथरला तर पोरगी मार खाईल, हा तिचा हिशोब. जावयाचं मन राखणं, सणाला त्याला आणखी एक ग्रॅम, व्याह्यांना नमतं घेणं, हा आमच्या पिढीतल्या आयांचा हिशोब हुबेहूब असाच आहे. त्यातून मार थांबत नाही. मारणाऱ्याला एवढंच कळतं, की हिच्या मागचे लोक आपल्याला घाबरतात.

आता अरुणच्या माफीचा प्रवेश. तो येतो, दारूत असतो, हात तोडून टाका म्हणतो, आम्ही असेच, आमच्यात बायकांना मारतातच, असंही म्हणतो. ज्योती परत जाते. हे वाचताना मंडळात एकजण म्हणाली, "माफी मागितली की ओ बिचाऱ्यानं." आपल्या कानाला माफी फार गोड लागते, कारण आपण क्षमेच्या धर्मातले. पण क्षमा कुणी कुणाला मागायची आणि मग पुढं काय करायचं, हे आपण सोयीनं विसरतो. प्रतिक्रमण करणारा आपल्या दोषाचं नाव घेतो, प्रायश्चित्त घेतो, आणि पुन्हा तसं न करण्याचा नियम धरतो. अरुण यातलं काहीच करत नाही. तो दोष स्वतःच्या अंगावर घेण्याऐवजी जातीवर टाकतो. आपल्याकडचे नवरे धंद्यातल्या टेन्शनवर टाकतात, पित्तावर टाकतात, आईच्या स्वभावावर टाकतात. आणि ज्या बाईला मारलं तिनं क्षमा केली तरी त्याच खोलीत परत जाऊन झोपलंच पाहिजे, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मी प्रवचनं पुष्कळ ऐकलीत, हे कधी ऐकलं नाही.

‘पाणी गाळून पिणारे’ हा टोमणा आपण बाहेरच्यांकडून खूप ऐकलाय, तो मी इथं मारणार नाही. उलट मला वाटतं, ओळखायचं कसं याची यादी आपल्याच पाठशाळेत आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयवाला इजा करणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. लहानपणी गुरुजींनी हे शिकवताना बैलाचं उदाहरण दिलं होतं. बैलाला आखूड दोरीनं बांधू नये, जास्त माल लादू नये, वैरण चुकवू नये. आम्ही पोरींनी ते पाठ केलं आणि बैलापुरतं ठेवलं. आता ही यादी घेऊन कुठल्याही घरात बघा. बाहेरून कडी लावून दुकानावर जाणारा. बाळंतपणाला महिना झाला नाही तोवर पंधरा माणसांचा स्वयंपाक लादणारं घर. ‘आज हिला जेवायला देऊ नका’ म्हणणारी सासू. उपास कुणी स्वतःहून केला तर तप, आणि दुसऱ्यानं घडवला तर अतिचार, एवढं तर आपल्याला कळतं. या यादीत नाही ते 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आहे. तो कायदा शारीरिक छळ धरतो, लैंगिक धरतो, शिव्याशाप, अपमान, धमक्या धरतो आणि पैशाची कोंडीही धरतो. पगार काढून घेणं, स्त्रीधन परत न देणं, खर्चाला पैसे न देणं, हेसुद्धा.

आणखी एक. गृहस्थाला हिंसा चार प्रकारची सांगितली आहे, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडायचीच असते, स्वसंरक्षणात घडते ती विरोधी. बायको पोलिसांत गेली की ‘केवढी हिंसा, संसार मोडला’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, ठरवून दार लावून मारणाऱ्याची हिंसा कुठल्या प्रकारात घालायची?

आता मला माझं सांगायला हवं. नाहीतर हे लिहिणं नाथांच्या भाषणासारखंच होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या भिशीत एक तरुण वैनी येत असे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. एप्रिलच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. फोन वाजला की चेहरा बदलायचा, आणि फोन दर पंधरा मिनिटांनी वाजायचा. पाचला नवरा स्कूटरवर खाली उभा. तो कधी वर आला नाही, मोठ्यानं बोलला नाही, सगळ्यांना नमस्कार करायचा. आम्ही म्हणायचो, किती काळजी घेतो बघा. तिची भिशी लागली त्या दिवशी पैशाचं पाकीट तिनं पर्समध्ये ठेवलंच नाही, हातातच धरून जिना उतरली आणि त्याच्या हातात दिलं. मी गॅलरीतून बघितलं. एकदा तिच्या हातावर काळंनिळं दिसलं तेव्हा मी विचारलं, पण कुठं? तिच्या सासूच्या समोर. ती म्हणाली, पाळण्याची कडी लागली. दुसरं काय म्हणणार होती?

नंतर ती आपणहून माझ्या स्वयंपाकघरात आली. दशलक्षण पर्व सुरू होऊन दुसरा की तिसरा दिवस होता. उभ्यानंच चार वाक्यं बोलली. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "पर्व होऊ दे गं, मग बसून बोलू." मनात हे की आत्ता तिच्या सासरी उपासाची, पूजेची गडबड, कशाला वादळ. त्या दहा दिवसांत तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. पुढं भावानं येऊन नेलं. ती आता बरी आहे, स्वतःचं कमावते, त्या कानानं ऐकू कमी येतं. पर्व संपल्यावर तिच्या सासरच्या नंबरावरून माझ्या फोनवर ‘उत्तम क्षमा’चा संदेश आला, हात जोडलेल्या चित्रासकट. मी काहीच उत्तर दिलं नाही. त्यात शौर्य काही नव्हतं, नुसती लाज होती.

म्हणून नाथांना हसायचा मला अधिकार नाही. पण तेंडुलकरांशी माझं भांडण आहे ते आहेच. एक भांडण जुनं आहे, दलित लेखक-कार्यकर्त्यांनी ते तेव्हाच काढलं होतं आणि मला ते बरोबर वाटतं. मारणारा नवरा दाखवायला लेखकाला दलित तरुणच सापडला, आणि त्याचा हात का उठतो याचं कारण त्याच्या वस्तीत, त्याच्या बापजाद्यांत शोधलं. याच नाटकाला पुढं 1993 चा सरस्वती सन्मान मिळाला, त्याच्या ताकदीबद्दल वाद नाही. पण आमच्या आक्कांना ‘जातीबाहेर देऊ नये’ हे इतक्या सहज काढता आलं, ते नाटकात होतं म्हणूनच ना? अरुणच्या जागी एखादा पाटील, शेट्टी, देशपांडे असता तर आक्कांनी काय काढलं असतं, हे ऐकायला मला आवडलं असतं.

दुसरं भांडण ज्योतीचं. ती शेवटी जे बोलते ते जोरदार आहे, बापाला ती उघडा करते. पण परत जाण्याचं तिचं कारण तत्त्वातून येतं. माणसातला पशू वेगळा काढता येत नाही, तुम्हीच शिकवलंत, मी अख्खा माणूस स्वीकारला, अशा धर्तीचं. मी पन्नाशी ओलांडली, परत गेलेल्या बऱ्याच बायका बघितल्या. तत्त्वासाठी परत गेलेली एक नाही. पैसे नसतात. मूल तिकडं असतं. भावजयीच्या डोळ्यांत ‘किती दिवस’ दिसतं. तो जीव देईन म्हणतो, नाहीतर जीव घेईन म्हणतो, आणि ही धमकी पोकळ नसते, कारण बाई निघू लागते तेव्हाच धोका सगळ्यांत वाढतो. शिवाय त्याचे चांगले दिवस तिला आठवत असतात. ‘ती जातेच कशाला परत’ असं विचारणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि एवढा मोठा नाटककार सांगू शकला असता. त्यानं ज्योतीला वाद दिला, गरज दिली नाही. पुढच्याच वर्षी, 1984 साली, मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं. तिथं बाई स्वतः स्वतःचं सांगते. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की कळतं, ‘कन्यादान’मध्ये ज्योतीच्या मारहाणीबद्दल किती जास्त इतरच बोलतात.

आणि तिसरं म्हणाल तर, कायदा या घरात येतच नाही. घरात आमदार असून. गंमत म्हणजे नवऱ्याच्या क्रूरतेला गुन्हा ठरवणारं 498-अ कलम याच 1983 च्या डिसेंबरात आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 या आकड्यांनी आहे.

दुसऱ्या वाचनानंतरच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. आक्का रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काय करायचं सांग की. आमच्या वेळी पंच बसायचे." मला ती पंचांची बैठक ठाऊक आहे. नवरा-बायकोला शेजारी बसवायचं, दोघांनाही ‘तुमचंही थोडं चुकलं’ म्हणायचं, त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं, चहा प्यायचा. जिला मारलंय ती मारणाऱ्याच्या शेजारी बसून खरं कसं बोलेल? त्या बैठकीत बोललेल्या प्रत्येक शब्दाचा हिशोब रात्री घरी होतो. समेट करायला बसणारी माणसं चांगली असतात, म्हणूनच तर हे इतकी वर्षं चाललं.

कायद्याचं मी वाचून ठेवलं होतं, ते सांगितलं. बायकांना वाटतं तक्रार म्हणजे नवरा लगेच तुरुंगात. 2005 च्या कायद्यात तसं नाही. बाई न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज करते आणि मागते संरक्षणाचा आदेश, खर्च, मुलांचा ताबा, घरात राहण्याचा हक्क. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी राहत्या घरातून तिला कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही. तो आदेश नवऱ्यानं मोडला, तर मग गुन्हा. सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत करायचा प्रयत्न व्हावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात महिने लागतात, तेही सांगितलं. खोटं धैर्य कशाला द्यायचं? आणि ज्या एका गोष्टीवर सगळ्या चूप झाल्या ती ही, की संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतं. शेजारीण, मंडळ, कुणीही. चांगल्या हेतूनं दिलेल्या खबरीबद्दल त्या व्यक्तीवर दावा लागत नाही. म्हणजे ‘आपण कोण बोलणार’ हे उत्तर कायद्यानं 2006 पासून काढून घेतलंय.

"म्हणजे उद्या मी जाऊन कुणाच्या नवऱ्याची चुगली करायची?" एकीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. तिला न विचारता केलेली खबर तिच्याच अंगावर उलटू शकते. म्हणून आधी ती एकटी असताना विचारायचं, ती सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, आणि काय करायचं ते तिनं ठरवायचं. जीवावरच बेतलं तर थांबायचं नाही, 112 ला फोन. एरवी 181 हा नंबर, दिवसरात्र चालतो. तो कागदावर लिहून देऊ नका, कागद पर्समध्ये सापडतो. पाठ करून घ्या, णमोकार मंत्र पाठ आहे तसा. दागिने, मुलांचे दाखले, आधारच्या प्रती यांचं एक पाकीट कुणाच्या तरी घरी ठेवता आलं तर पाहा. माझ्या कपाटाचा वरचा कप्पा मी रिकामा केलाय. कुणी काय ठेवलं हे माझ्या मिस्टरांनाही सांगणार नाही, असं मी त्यांच्यादेखतच सांगितलं. ते पेपर वाचत होते, मान वर न करता "बरं" म्हणाले.

चार-पाचजणींना हे पटलं नाही. त्यांच्या मते मंडळाचं नाव खराब होईल, आमच्या पोरांना स्थळं यायची बंद होतील. एकजण तर त्या दिवसापासून येतच नाही. मी दोनदा फोन केला, कामात आहे म्हणते. तिच्याबद्दल मला काही माहीत नाही आणि अंदाजही बांधायचा नाही, पण तिसऱ्यांदा फोन करणार आहे.

पुढच्या महिन्याची भिशी आमच्याकडं आहे, दुपारी तीन ते पाच. परत जाताना सगळ्याजणी रिक्षानं मिळून जातील, रिक्षाचं भाडं भिशीतून. कुणाच्या मिस्टरांनी न्यायला यायचं नाही, एवढं सगळ्या घरी कळवलंय.